महागड्या घरांतला रंग कुठे गेला?

आजचा विषय महागड्या घरांच्या आतल्या रंगांचा आहे. ऐकायला हलका वाटतो. पण माणूस आयुष्यभराची कमाई ज्या भिंतींत घालतो, त्यांचा रंग नेमकं कोण ठरवतं, हा प्रश्न काही हलका नाही.

आपल्या शहरातले नवे मोठे फ्लॅट आणि बंगले बघा. करडा, बेज, ऑफव्हाइट. खाली चकचकीत पांढरी फरशी. सोफ्यामागे एकच गडद भिंत, तेवढाच काय तो रंग. दहा घरं फिरून आलात तरी कुठलं कुणाचं हे आठवत नाही. याची कारणं आम्हाला दोन दिसतात. एक, घर फोटोत कसं दिसेल याची काळजी. दुसरं, उद्या विकायचं झालं तर घेणाऱ्याला खटकू नये म्हणून. म्हणजे काय, तर तीस वर्षं राहणार आपण आणि रंग ठरवणार कधी न भेटलेला गिऱ्हाईक! बेजची बाजूही सांगायला हवी. एकत्र कुटुंबात आजोबा, सुना, नातवंडं या सगळ्यांना चालेल असा तो रंग असतो. पण सगळ्यांना चालणं वेगळं आणि एखाद्याला तरी आवडणं वेगळं.

आता इथून शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याला चला. तिथला लाल आणि पिवळा गेरूमातीचा, काळा काजळीचा, पांढरा चुना आणि पांढऱ्या मातीचा. हिरवी माती तर इथल्याच काळ्या पाषाणात सापडणारी. परका एकच, निळा. तो राजावर्ताचा, म्हणजे लॅपिस लाझुलीचा, आणि हा दगड अफगाणिस्तानाकडून येई. इसवी सनापूर्वीच्या, ९ आणि १० क्रमांकाच्या लेण्यांतल्या सर्वांत जुन्या चित्रांत तो नाही. नंतरच्या लेण्यांत तो मुकुटात, छताच्या नक्षीत दिसतो. सगळ्यात महाग रंग, पण भिंतभर फासलेला नाही. भोवती सगळी माती आहे म्हणून तर तो निळा उठतो.

बीबी का मकबराही असाच वाचावा. तो ताजमहालाची गरीब नक्कल आहे असं आपण ऐकत आलो. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला, बाकी बरंचसं काम चुन्याच्या गिलाव्याचं. आम्हाला मात्र यात कारागिराची हुशारी दिसते. दगड कुठे लागतो आणि चुना कुठे पुरतो, हे त्याला कळलं होतं. हिमरूचंही तेच. किनखापाची ऐट सुती ताण्यावर आणली. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग बदलतो. हे शहर ऐट करायला शिकलं ते हात राखून.

मग काही जण म्हणतात, चला, आम्ही वारसा आणतो. आणि दिवाणखान्यात पद्मपाणीचा भिंतभर वॉलपेपर लावतात, समोर प्लायवूडची कमान. हे तर बेजपेक्षाही वाईट. तो बोधिसत्त्व अंधाऱ्या लेण्यात, मंद उजेडात बघायचा. त्याला ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक दिव्याखाली टीव्हीशेजारी बसवलं, की उरतो फक्त छाप. अजिंठ्यातून चित्र उचलायचं नसतं, प्रमाण उचलायचं असतं.

उजेडाचं आणखी एक. आपलं ऊन मे महिन्यात चाळिशी ओलांडतं. शुद्ध पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकते. खाली चकचकीत फरशी, पश्चिमेला मोठी काच, की दुपारी चार वाजता घरात डोळे मिटून बसावं लागतं. मग पडदे ओढायचे आणि दिवसा दिवे लावायचे. हे कॅटलॉग ढगाळ देशांतल्या घरांसाठी बरं. तिथे उजेड गोळा करायचा असतो, इथे तो गाळायचा असतो. आपल्या जुन्या घरांतला शहाबादी, गेरूचा पट्टा, नीळ घातलेला चुना, हे सगळे चमक न मारणारे रंग होते. त्यामागे गरिबी होती, तशी समजही होती.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. रंगाचं कार्ड दुकानातल्या दिव्याखाली बघून ठरवू नका. दोन-तीन हात रंग भिंतीच्या तुकड्यावर द्या आणि सकाळी, दुपारी, रात्री बघा. पश्चिमेच्या भिंतीला मातकट, बिनचमकीचा रंग द्या. आणि घरात एकच जागा निवडा, देवघर म्हणा, आजीची खोली म्हणा, जिथे तुमचा निळा येईल. डाळिंबी असो, मोरपंखी असो, पण तो कुणाला तरी मनापासून आवडलेला असावा. घेणाऱ्याला नाही पटला, तर तो रंगवून घेईल. एका खोलीला रंग द्यायला कितीसा खर्च येतो!

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.