‘वल्हांडण’, ‘दास्य’ आणि ‘आपण’ : निर्गमकथेच्या मराठी अर्थनिर्णयाची मीमांसा

बायबलच्या जुन्या करारातील दुसरे पुस्तक मराठीत ‘निर्गम’ या नावाने ओळखले जाते. मिसर देशात फारोच्या वेठीस जुंपलेले इस्राएल लोक मोशेच्या नेतृत्वाखाली बाहेर पडतात, समुद्र पार करतात आणि सीनाय पर्वताशी ईश्वराशी करारबद्ध होतात, हा त्याचा कथाभाग. या कथेच्या यहुदी व ख्रिस्ती भाष्यपरंपरांचा विचार आपल्याकडे बहुधा इंग्रजी ग्रंथांच्या आधारे होतो. मराठीत मात्र ही कथा गेली दोनशे वर्षे नांदत आहे. बेने इस्राएल समाजाने ती सणाच्या पोथीतून वाचली, ख्रिस्ती मंडळ्यांनी ती शास्त्रपाठातून ऐकली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती अस्पृश्यांच्या लढ्याच्या संदर्भात पुढे मांडली. या तीन वाचनांत मतभेद आहेत हे उघड आहे. परंतु ते मतभेद पुष्कळ अंशी भाषेच्या पातळीवर, म्हणजे एकेका शब्दाच्या व सर्वनामाच्या निवडीत, पडताळून पाहता येतात, इकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

१

प्रथम ग्रंथनामाचा विचार करू. हिब्रू परंपरेत या पुस्तकाचे नाव ‘शेमोथ’, म्हणजे ‘नावे’, असे आहे. ते आरंभीच्या शब्दांवरून पडलेले असून मिसरात आलेल्या याकोबपुत्रांच्या नावांकडे त्याचा रोख आहे. ग्रीक भाषांतरकारांनी ते बदलून ‘एक्सोदोस’, म्हणजे बाहेर पडण्याची वाट, असे ठेवले. ‘निर्गम’ हा मराठी शब्द या ग्रीक नावाचा वारस होय. एका परंपरेला त्या ग्रंथात माणसांची नावे प्रथम दिसतात, दुसरीला घटना प्रथम दिसते. मराठी वाचकाच्या हाती पुस्तक पडते तेव्हा ही दुसरी दृष्टी मुखपृष्ठावरच ठरून गेलेली असते. याउलट ‘मिसर’ हे देशनाम अरबी-फारसी वळणाचे व हिब्रू ‘मित्स्राइम’ला जवळचे आहे. एकाच ग्रंथात ग्रीक, सेमिटिक आणि संस्कृत थर असे एकत्र आलेले दिसतात.

आता सणाच्या नावाकडे वळू. हिब्रू ‘पेसह’ या नामाशी संबंधित क्रियापदाचा अर्थ निर्विवाद नाही. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात ईश्वर इस्राएलांच्या घरांच्या बाबतीत जे करतो त्यासाठी ते आले आहे. यशयाच्या एकतिसाव्या अध्यायात तेच क्रियापद रक्षण करण्याच्या संदर्भात येते, तर अन्यत्र त्याच मुळाची रूपे लंगडण्याच्या अर्थाने येतात. ग्रीक भाषांतरकारांनी त्या एकाच अध्यायात एके ठिकाणी ‘आच्छादन करणे’ व दुसऱ्या ठिकाणी ‘बाजूने निघून जाणे’ असे दोन पर्याय वापरले. इंग्रजीत १५३० साली विल्यम टिंडलने योजलेल्या शब्दाने ‘वरून पुढे जाणे’ हा एकच अर्थ रूढ केला, आणि मराठी ख्रिस्ती परंपरेतील ‘वल्हांडण’ हा शब्द याच अर्थपरंपरेत बसतो.

‘वल्हांडण’ हा शब्द आज शहरी वाचकास केवळ ख्रिस्ती परिभाषेतील, म्हणून परका वाटतो. ही समजूत बरोबर नाही. तो ‘ओलांडणे’ याच्याच कुळातील आहे. कोल्हापूर भागातील ग्रामीण बोलीत शब्दारंभीचा ‘ओ’ नियमाने ‘व’कडे झुकतो : ओढा—वढा, ओळख—वळख, ओटा—वटा. त्याच न्यायाने ‘ओलांडणे’चे ‘वलांडणे’ होते. पेठ वडगावच्या बाजारात वढा वलांडून येणाऱ्या माणसाला, किंवा कोडोलीसारख्या जुन्या मिशन ठाण्याच्या परिसरातील श्रोत्याला, या सणनामाचे मूळ समजावून सांगण्याचे कारण नाही. शास्त्राची परिभाषा म्हणून दूर गेलेला शब्द बोलीच्या अंगणात अद्याप जिवंत आहे.

शब्द आपला आहे, तथापि तो अर्थाच्या दृष्टीने निर्दोष आहे काय? मराठीत ‘उंबरठा ओलांडणे’ म्हणजे आत येणे किंवा बाहेर पडणे. मूळ कथेत मात्र त्या रात्री उंबरठा ओलांडावयाचा नाही. सकाळपर्यंत कोणी घराबाहेर पडू नये अशी आज्ञा आहे, आणि संहारकानेही आत येऊ नये म्हणून ईश्वर दाराशी आडवा येतो. म्हणजे जी रात्र उंबरठा न ओलांडण्याची, तिलाच मराठीने ओलांडण्याचे नाव दिले आहे. ‘वगळणे’ किंवा ‘राखणे’ या धातूंचा आधार घेतला असता तर हा विसंवाद टळला असता.

पण या विसंवादातून एक लाभही झाला. ‘ओलांडणे’ हे क्रियापद उंबरठ्याला लागते तसेच नदीला व समुद्रालाही लागते. त्यामुळे घरे वगळून जाणारा ईश्वर आणि समुद्र पार करणारे लोक या दोन भिन्न घटना मराठी कानाला एकाच शब्दात ऐकू येतात. पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने या सणाचा अर्थ ‘पार होणे’ असा घेतला आणि त्यावरून जिवाचे विकारांतून पार होणे सुचविले. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक सार्दीसचा मेलितो याने ‘पास्खा’ या नावाचा संबंध ‘दुःख भोगणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी जोडला आणि कोकराच्या जागी दुःख भोगणारा ख्रिस्त पाहिला. व्युत्पत्ती म्हणून मेलितोचे म्हणणे टिकत नाही, आणि तिसऱ्या शतकात ओरिजेनने ते दुरुस्तही केले. मराठी शब्द मेलितोच्या नव्हे, तर फिलोच्या बाजूचा आहे. म्हणून मराठी ख्रिस्ती प्रवचनकाराला बलिदानाचा अर्थ शब्दाबाहेरून आणावा लागतो, संक्रमणाचा अर्थ मात्र शब्दच पुरवितो.

२

बेने इस्राएल समाजाची गोष्ट याहून निराळी आहे. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आपला वंश चालला, अशी या समाजाची परंपरागत समजूत आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजेतिहास या सणाचे जुने देशी नाव नोंदवितो : अनशी ढाकाचा सण. आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याचा हा सण. आंबवलेले अन्न वर्ज्य करण्याचा निर्गमातील नियम येथे स्वयंपाकघरातील एका कृतीत शिल्लक राहिला होता. ‘नव्याचा सण’, ‘खिरीचा सण’, ‘दारफळणीचा सण’ ही त्या समाजाच्या अन्य सणांची नावेही अशीच घरगुती आहेत. तेथे ग्रंथ नव्हता, आचार होता. मिसर, फारो वा मोशे यांपैकी कोणाचाही उच्चार त्या नावात नाही.

कथेची ग्रंथगत ओळख एकोणिसाव्या शतकात दृढ झाली. कोचीनचे यहुदी शिक्षक, मिशनऱ्यांच्या शाळा, मराठी बायबल आणि जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण ही त्याची साधने होत. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली. १८७४ साली पुण्यात सचित्र हग्गादा छापली गेली. तिच्या चित्रांत युरोपीय नमुन्यांची छाया आहे, परंतु बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून इथल्या रीतीने बसल्या आहेत. पुढे १८८० पासून या समाजाने कीर्तनाचा प्रकारही स्वीकारला आणि जुन्या करारातील आख्याने हरदासी ढंगात उभी राहिली. मराठी ग्रंथेतिहासाने या वाङ्मयाची घेतलेली दखल अत्यल्प आहे. मिशनरी गद्याचा जेवढा अभ्यास झाला तेवढा या पोथ्यांच्या मराठीचा झालेला नाही.

हग्गादेचा मुख्य आदेश असा की, प्रत्येक पिढीतील प्रत्येकाने आपण स्वतः मिसरातून बाहेर पडलो असे मानावे. हा आदेश मिश्नेच्या ‘पेसाहीम’ प्रकरणातील आहे. तेथे कथेचा आरंभ हीनतेने व शेवट स्तुतीने करावा असेही सांगितले आहे. मग हीनता कोणती? तालमूदात शमुएलचे मत असे की, आरंभी आपले पूर्वज गुलाम होते, तर राव या आचार्याच्या मते आरंभी पूर्वज मूर्तिपूजक होते. हग्गादेने दोन्ही मते एकापाठोपाठ ठेवली आहेत. मुक्ती राजकीय की आध्यात्मिक, हा जो वाद आधुनिक काळात जोराने झाला, तो यहुदी परंपरेत सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सुरू झाला होता आणि त्याचा निकाल एका बाजूने लावण्याचे तिने बुद्ध्या टाळले.

येथे मराठी व्याकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. हिब्रूत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम अर्थदृष्ट्या एकच आहे. मराठीत दोन आहेत : श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’. तमिळ व तेलुगू या द्राविड भाषांतही असा भेद आहे. त्यामुळे ‘गुलाम होतो’ या विधानाच्या मराठी भाषांतरकाराला निवड करावीच लागते. मांडीवरच्या मुलाला सांगावयाचे तर ‘आपण’, ईश्वरापुढे किंवा परक्यापुढे सांगावयाचे तर ‘आम्ही’. हग्गादेतील चार पुत्रांपैकी दुष्ट पुत्राचा अपराध सर्वनामाचाच आहे. ‘तुम्हांला’ या उपासनेचा काय अर्थ, असे विचारून तो स्वतःला समूहाबाहेर ठेवतो. हिब्रू भाष्यकारांना युक्तिवादाने दाखवावा लागलेला हा भेद मराठीत शब्दयोजनेतच प्रकट होतो.

३

ख्रिस्ती वाचनाची दिशा प्रतीकात्मक आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला वल्हांडणाचे कोकरू म्हटले आणि समुद्र पार करण्याला बाप्तिस्म्याचे पूर्वचिन्ह मानले. या दृष्टीने पूर्वीची घटना पुढच्या घटनेची छाया ठरते. कथा खरी, पण तिचा पूर्ण अर्थ तिच्याबाहेर. यहुदी वाचनात भूतकाळ वर्तमानात आणला जातो, तर ख्रिस्ती वाचनात तो दुसऱ्या भूतकाळाकडे बोट दाखवितो. विसाव्या शतकात गुस्ताव्हो गुटिएरेझ यांच्या १९७१ च्या ग्रंथाने प्रतीकाचे हे जाळे बाजूस सारून मिसरातील वेठ ही खरोखरची वेठ आहे यावर भर दिला. त्यावर दोन बाजूंनी आक्षेप आले. जॉन लेव्हेन्सन या यहुदी पंडिताने, सीनायचा करार गाळून केवळ सुटका उचलणे हे कथेचे खंडन आहे, असे दाखविले. रॉबर्ट वॉरियर या अमेरिकन आदिवासी लेखकाने १९८९ साली विचारले, या कथेत कनानी लोकांच्या जागी जे उभे आहेत त्यांनी ती कशी वाचावी?

लेव्हेन्सन यांच्या आक्षेपाचे मर्म एका हिब्रू धातूत आहे. फारोची वेठ, ईश्वराची सेवा आणि वल्हांडणाचा विधी या तिन्हींसाठी निर्गमात एकाच धातूची रूपे येतात. लोकांना जाऊ द्यावे ही मोशेची मागणी ईश्वरसेवेच्या हेतूने केलेली आहे. कथेत दास्याचा अंत नाही, स्वामीचा पालट आहे. मराठीत हा धागा ‘दास्य’ व ‘सेवा’ असा दुभंगतो. पण मराठी भक्तिपरंपरेत ‘दास’ हे भूषण आहे, आणि दास्य ही नवविधा भक्तीतील एक पायरी आहे. म्हणून मूळातील श्लेष मराठीत आणणे अशक्य नव्हते, ते अवघड होते ते सामाजिक कारणाने. ज्या समाजात दास्य जन्माने वाट्यास येते, तेथे ईश्वराचे दास्य हा गौरव सर्वांच्या कानाला सारखा वाजत नाही.

‘मुक्ती’ शब्दाची अडचण याच जातीची आहे. मोक्षाचा मराठी अर्थ एकट्या जिवाचा व जन्मचक्रातून सुटण्याचा, तर निर्गमातील सुटका समूहाची व इतिहासातील. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेस ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि त्या शब्दाला दुष्काळात व वैधव्यात सापडलेल्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष सुटकेचा अर्थ जोडला. त्यांचे साध्या मराठीतील बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. पुढे ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ या प्रयोगात शब्दाचा सामूहिक अर्थ रूढ झाला. शब्दाची ही वाटचाल कोशापेक्षा कार्याने अधिक घडविली.

४

डॉ. आंबेडकरांचे वाचन या पार्श्वभूमीवर तपासावे लागते. १९४१ साली ‘बॉम्बे सेंटिनेल’ या वृत्तपत्रात त्यांनी मोशेच्या महत्त्वावर लिहिले आणि मिसरातून बाहेर पडण्याची कथा दलित वर्गाला आशा देणारी आहे, असे प्रतिपादन केले. ज्या कोल्हापूर संस्थानात २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव परिषद झाली, तेथपासून १९३५ च्या येवल्याच्या घोषणेपर्यंतचा प्रवास या लेखामागे आहे. हे वाचन हग्गादेप्रमाणे भूतकाळाला वर्तमान करीत नाही आणि पौलाप्रमाणे प्रतीकही करीत नाही. ते साम्यावर उभे आहे. जसे त्यांचे झाले तसे यांचे होईल. त्याचा काळ भविष्यकाळ आहे.

या साम्याची कसोटी सुटकेत नसून सुटकेनंतरच्या बंधनात आहे. निर्गमाची कथा समुद्रापाशी संपत नाही, सीनायशी नियम स्वीकारल्यावर ती पूर्णत्वास जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दीक्षेबरोबरच बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या. तेथे ईश्वर नाही, म्हणून नवा स्वामीही नाही. परंतु बाहेर पडणे आणि नियमाने बांधून घेणे ही जोडी कायम आहे. लेव्हेन्सन यांचा आक्षेप दक्षिण अमेरिकेतील भाष्यकारांना लागू पडत असेल, आंबेडकरांना तो तसाच लागू पडत नाही. अरविंद निर्मळ यांनी १९८० नंतरच्या दशकात दलित ख्रिस्ती ईश्वरविद्या मांडताना भूमीच्या लाभापेक्षा माणूसपणाच्या प्राप्तीवर भर दिला, तेव्हा वॉरियर यांच्या प्रश्नालाही एक उत्तर मिळू लागले. वचनदत्त भूमी कोणाकडून तरी घ्यावी लागते, माणूसपण कोणाकडून हिरावून घ्यावे लागत नाही.

‘आपण’ या सर्वनामाची खरी परीक्षा मात्र बेने इस्राएल समाजाच्या वाट्यास आली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये गेले. १९६२ ते १९६४ या काळात त्यांच्या विवाहयोग्यतेविषयी तेथील धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली, आणि दीर्घ आंदोलनानंतर त्यांना समान मान्यता मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या भांडे झाकून सण पाळणाऱ्यांना, वचनदत्त भूमीत पोचल्यावर, आपण त्या ‘आपण’मध्ये आहोत हे सिद्ध करावे लागले. ‘मायबोली’ या त्यांच्या मराठी नियतकालिकाच्या नावात त्यांनी कोकणातून नेलेली भाषा जपली आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, निर्गमकथेचा अर्थ ‘मुक्ती’ या एका शब्दात बसविण्याचा प्रयत्न अपुरा आहे. मराठीतील तिन्ही वाचनांनी त्या कथेचा एकेक अंश धरून ठेवला : यहुदी पोथीने सर्वनाम, ख्रिस्ती भाषांतराने ‘ओलांडणे’ हे क्रियापद, आणि आंबेडकरांनी भविष्यकाळ. १८४६ व १८७४ च्या हग्गादांची मराठी संहिता समकालीन बायबल भाषांतराशी शब्दशः ताडून पाहणे, आणि त्यांत ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची योजना कोठे कशी झाली हे नोंदविणे, हे काम मराठीच्या अभ्यासकांनीच हाती घ्यावयास हवे. हिब्रूच्या अभ्यासकाला त्या दोन सर्वनामांतील अंतर आपोआप ऐकू येणार नाही.