बाळसे की सूज?

मुरुडच्या बाजारपेठेतील एका ऑनलाइन सेवा केंद्रात २०१६ सालचा संगणक आहे. सातबारा काढणे, पीकविम्याचे अर्ज भरणे, लग्नपत्रिका जुळवणे ही कामे तो आजही निमूटपणे करतो. त्याची मेमरी ८ जीबी. विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे गरजेच्या दुप्पट. तरीही तो अपात्र ठरला, कारण इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाहीत. आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. केंद्रचालक मला म्हणाला, "काका, मशीन तर चांगली चालायलीय, मग बिघडलं काय हिचं?"

या प्रश्नाचे मूळ शोधताना निक्लाउस विर्थ यांच्यापाशी थांबावे लागते. पास्कल या संगणकभाषेचे हे जनक. फेब्रुवारी १९९५मध्ये त्यांनी सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा लेख लिहिला. यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर मंदावते, हे त्याचे सार. हे निरीक्षण मार्टिन रायझर यांचे, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. तरी जगाने नियमाला नाव दिले ते विर्थ यांचेच! बोलण्याचा अधिकार त्यांनी कमावला होता. सहकारी गुटक्नेख्ट यांच्यासह त्यांनी घडवलेली ओबेरॉन प्रणाली कंपायलर, संपादक आणि खिडक्यांसह २०० किलोबाइटांच्या आत मावत असे. त्याच १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ची किमान मागणी ४ एमबी होती. आज ४ जीबी, म्हणजे बरोबर १०२४ पट. अर्ज भरणाऱ्याची बोटे काही तेवढी वेगवान झाली नाहीत.

इथपर्यंत विर्थ पटतात. पुढे मात्र मराठी वाचकाने सावध व्हावे. ओबेरॉनचे एक अक्षर एका बाइटचे होते, आणि ते रोमन लिपीच्या मापाने बेतलेले होते. 'किर्लोस्कर' हा शब्द घ्या. रोमनमध्ये नऊ अक्षरे, नऊ बाइट. देवनागरीत क, वेलांटी, र, हलन्त, ल, ओकार, स, हलन्त, क, र असे दहा संकेत. यूटीएफ-८ पद्धतीत ३० बाइट. शिवाय क नंतर साठवलेली वेलांटी त्याच्या आधी दाखवायची, र्‌चा रफार करून 'लो'वर चढवायचा, स्‌ आणि क जोडायचे. हे काम विंडोज २०००पासून प्रणालीच करू लागली. त्याआधी प्रत्येक फॉन्टचा संकेत वेगळा असे. एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी! दिवाळी अंकाची मुद्रिते तपासलेल्या माणसाला ती सांगायला नको. म्हणून प्रणालीचे काही वजन आपल्या लिपीचे आहे. ते बाळसे आहे.

पण या बाळशाची ढाल करून बाकीची सूज झाकता येणार नाही. देवनागरीचा हा सारा संसार काही मेगाबाइटांत आटोपतो. गिगाबाइट जातात ते न मागितलेल्या बातम्यांच्या चौकटींत, सतत मागे चालणाऱ्या सेवांत, आणि साध्या गप्पांच्या ॲपसोबत अख्खा ब्राउझर बांधून देण्याच्या आळसात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. प्रोग्रामरचा वेळ वाचतो हे खरे, पण त्याची किंमत लाखो ग्राहक आपल्या मेमरीतून चुकवतात, हा हिशेब कोणी मांडत नाही.

विंडोज ११च्या अटींत तथ्य अजिबात नाही, असेही नाही. टीपीएम २.० ही चिप गुप्त किल्ल्या वेगळ्या जपते, ते सुरक्षेसाठी चांगलेच. पण धडधाकट यंत्र भंगारात काढण्याइतके ते निकडीचे आहे का, हे यंत्राच्या मालकाला कोणी विचारले नाही.

त्या संगणकावर आम्ही लिनक्स बसवून पाहिले. मराठी टंकलेखन नीट झाले, छपाईही झाली. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या उपकरणाचे सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजसाठीच मिळाले. शेवटी केंद्रचालकाने त्या एका कामासाठी हप्त्यावर नवा संगणक घेतला. जुन्यावर सध्या लग्नपत्रिका जुळवल्या जातात.