तुकोबांच्या पुलावरून : टिळकांचे अभंग
मोशीला इंद्रायणी ओलांडून आपण चाकणच्या कारखान्यांकडे जातो. याच नदीकाठी वर देहू आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. हे विधान श्रद्धेचे मानले जाते. मला ते काव्यरचनेविषयीचेही वाटते. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर उपदेश हे त्यांचे कामच झाले, आणि उपदेश कवितेला पोकळ करतो. अभंगाने त्यांना सावरले. अभंगात बोलणारा आधी स्वतःला तपासतो, देवाशी भांडतो, मग जगाला सांगतो. म्हणूनच ‘अभंगांजली’ चर्चबाहेरच्या वाचकालाही परकी वाटत नाही. टिळकांना ‘ख्रिस्ती साहित्य’ या वेगळ्या फडताळात ठेवणे मला अमान्य आहे. त्यांची जागा अभंगपरंपरेत आहे, आणि त्यांची पारखही तिथल्याच कसोटीवर व्हावी.