'किलोमक' : एका पाली शब्दाच्या भाषांतराविषयी

द्वत्तिंसाकाराच्या पाठात हृदय आणि यकृत यांच्यानंतर तेरावे नाव येते ते 'किलोमक'. मराठी वाचकाला त्याचा अर्थ बहुधा इंग्रजीमार्गे मिळतो. पाली टेक्स्ट सोसायटीच्या कोशात तो फुप्फुसावरण असा आहे. भिक्खू ञाणमोलि यांच्या विसुद्धिमग्गाच्या १९५६ सालच्या इंग्रजी भाषांतरात तो श्वासपटल असा होतो. कोणी 'क्लोम' हे संस्कृत रूप तसेच ठेवून पुढे जातो. पण क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव, हा वैद्यकग्रंथांच्या अभ्यासकांतही वादाचा विषय आहे.

आमच्या मते यांपैकी एकही पर्याय स्वीकारण्याजोगा नाही, आणि त्याचे प्रमाण विसुद्धिमग्गातच आहे. आचार्य बुद्धघोष किलोमकाचे दोन प्रकार सांगतात. प्रतिच्छन्न किलोमक हृदय व मूत्रपिंडे (वक्क) यांना झाकून असते. अप्रतिच्छन्न किलोमक सर्व शरीरभर त्वचेखाली मांसाला वेढून असते. दोन्हींचा वर्ण पांढरा. आता श्वासपटल हा तांबडा स्नायू, शिवाय एकाच जागी असणारा. फुप्फुसावरण म्हणावे, तर या वर्णनात फुप्फुसाचा उल्लेखच नाही. उलट हृदयावरण, मूत्रपिंडाभोवतीचे वेष्टन आणि स्नायूंवरील पांढरट पातळ पडदा, ज्याला वैद्यक परिभाषेत प्रावरणी म्हणतात, ही तिन्ही त्यात सहज बसतात. कातडे सोललेले मटण ज्याने पाहिले आहे, त्याला हा पडदा निराळा सांगावा लागत नाही. मेदाशी त्याची गल्लत होण्याचेही कारण नाही. मेद हा पाठात स्वतंत्र आकार आहे.

वर्णासाठी आचार्यांनी दिलेली उपमा 'दुकूलपिलोतिके'ची, म्हणजे तलम वस्त्राच्या चिंधीची आहे. धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला ती परकी वाटू नये. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल भरुकच्छाला जात असे, अशी नोंद पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आहे. दुकूल हे मलमलच होय असे आम्ही म्हणत नाही. पण तलमपणाची कल्पना येण्यास तेवढे पुरे.

चुकीच्या प्रतिशब्दाने खरी हानी होते ती पुढे, धातुमनसिकाराच्या प्रकरणात. तेथे चिंधीत गुंडाळलेल्या मांसाचा दृष्टांत आहे : आपण गुंडाळले गेलो हे मांस जाणत नाही, आपण गुंडाळले आहे हे चिंधी जाणत नाही. झाकणारे आणि झाकलेले, दोन्ही अचेतन; मग 'मी' कोठे? श्वासपटल कशालाच गुंडाळत नाही. तो शब्द घेतला की दृष्टांत लटका पडतो, आणि कायगतासति करणारा उपासक एका निरर्थक नावाची आवृत्ती करीत राहतो.

धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग भारतीय विद्या भवनाने १९४० साली देवनागरीत प्रसिद्ध केला. मूळ इतके हाताशी असताना इंग्रजीच्या वाटेने जाण्याची आम्हास गरज दिसत नाही. 'आवरणपटल' हा प्रतिशब्द आम्ही सुचवितो. पाठात मात्र 'किलोमकं' हेच राहावे.