फी कोणी भरली?

इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका रात्री हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये आम्ही तीसेक जण ‘थ्री इडियट्स’ बघत बसलो होतो. सिनेमा २००९ सालचा, प्रत्येकाने आधी चार-पाच वेळा बघितलेला, संवाद पाठ. राजू रस्तोगीच्या घरचा प्रसंग आला. राजूचं घर म्हणजे पन्नासच्या दशकातला सिनेमा, असं निवेदक सांगतो आणि पडदा कृष्णधवल होतो. अंथरुणाला खिळलेले वडील, लग्नाची बहीण, तिच्या हुंड्यात मागितलेली मारुती, आणि पाहुण्यांना वाढता वाढता भाजीचे भाव ऐकवणारी आई. सगळी रूम खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

त्याच दुपारी माझ्या आईचा फोन येऊन गेला होता. अण्णा ज्या साखर कारखान्यात क्लार्क होते तिथला पगार त्याही महिन्यात झाला नव्हता. “मेसचे पैसे पुढच्या आठवड्यात टाकते, काकूंना तेवढं सांग,” असं ती म्हणाली. मी काकूंना काही सांगितलं नाही. रूममेटला ‘पोट बिघडलंय’ म्हटलं, जेवायला गेलो नाही आणि येऊन टीव्हीसमोर बसलो.

त्या हसण्याचा विचार मी बरीच वर्षं टाळला. आता नोकरीला लागून काही वर्षं झाली आहेत. मध्यंतरी तो सिनेमा पुन्हा बघितला आणि लक्षात आलं, की विद्यार्थ्यांच्या ताणाबद्दलची कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर एक साधा प्रश्न आधी विचारावा: याची फी कोणी भरली? कथेत हे उत्तर बहुधा कुठेतरी कोपऱ्यात असतं. पण एकदा सापडलं, की त्या पात्राला कशाची भीती वाटते आणि कशाची वाटत नाही, हे उलगडायला लागतं.

रँचोचंच बघा. मार्कांच्या मागे धावू नका, काबिल व्हा, यश आपोआप येईल, हे तो सगळ्यांना सांगत फिरतो. वर्गातून हाकलला तर दुसऱ्या वर्गात जाऊन बसतो. त्याला कशाचीच भीती नाही. उत्तरार्धात कळतं, की तो एका श्रीमंताच्या माळ्याचा अनाथ मुलगा आहे. मालकाला आपल्या मुलाच्या नावावर डिग्री हवी आहे आणि याला शिकायचं आहे, म्हणून मालकाच्या पैशावर आणि मालकाच्या मुलाच्या नावाने हा शिकतोय. म्हणजे फी दुसऱ्याची आणि डिग्रीही दुसऱ्याची. घरी पैसे पाठवायचे नाहीत, कारण घरच नाही. ज्ञानासाठी ज्ञान ही चैन त्या अख्ख्या कॉलेजात एकट्या रँचोला परवडते. सिनेमा हे रहस्य म्हणून वापरतो, पण त्याचा अर्थ लावत नाही. रँचोचा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो सल्ला ज्या जमाखर्चावर उभा आहे तो राजूचा जमाखर्च नाही, एवढंच.

राजूच्या हातात अंगठ्या आहेत, गळ्यात गंडे आहेत. सिनेमाच्या मते त्याचा आजार म्हणजे भीती. म्हणून त्याचा इलाजही मनावरचा: मृत्यूच्या दारातून परत आलेला राजू व्हीलचेअरवर इंटरव्ह्यूला जातो, खरं बोलतो आणि नोकरी मिळवतो. पण चार माणसांचं घर, कमावणारं कोणी नाही, आणि येणारा प्रत्येक रुपया आपल्या शेवटच्या सेमिस्टरवर अवलंबून, अशा मुलाला भीती वाटणं हे अगदी बरोबर चाललेलं गणित आहे. त्या गणिताला मनोदौर्बल्य ठरवलं, की उत्तर सोपं होतं: छातीवर हात ठेवा आणि सगळं ठीक आहे म्हणा. गंमत अशी, की या मंत्राची गोष्ट सिनेमातच आहे. गावातला चौकीदार रात्रभर सगळं ठीक असल्याचं ओरडत फिरायचा. पुढे चोरी झाली तेव्हा कळलं, की तो रातांधळा आहे. मंत्राने प्रश्न सुटत नाही, धीर येतो, असं रँचो म्हणतो. तेही खरं. पण आमच्या पिढीने चौकीदाराचे डोळे विसरून घोषणा तेवढी उचलली.

चौदा वर्षांनी, २०२३ साली, विधू विनोद चोप्रांचाच ‘ट्वेल्थ फेल’ आला. आधीच्या सिनेमाचे ते निर्माते, या वेळी दिग्दर्शक. इथे पैसे कोपऱ्यात लपलेले नाहीत. चंबळच्या मनोजला आजी आपली साठवलेली पुंजी देते आणि ती पिशवी प्रवासातच चोरीला जाते. पुढे दिल्लीत, मुखर्जीनगरच्या आसपास, तो वाचनालयात झाडलोट करतो, पिठाच्या गिरणीत राबतो, अंगभर पीठ घेऊन अभ्यासाला बसतो. गरिबी म्हणजे नुसता पैशांचा अभाव नसतो, तर दिवसातल्या तासांचाही असतो, हे मला या सिनेमाने दाखवलं तसं हिंदीत क्वचितच कोणी दाखवलंय. श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगा एकाच परीक्षेला बसतात, पण एकाच्या दिवसात अभ्यासाचे बारा तास असतात आणि दुसऱ्याच्या दिवसात गिरणी बंद झाल्यावर उरतील तेवढे.

तरीही शेवटी मला खटकलं. निकाल लागतो, मनोज आयपीएस होतो, आणि त्या क्षणी मागचं सगळं पीठ भस्मासारखं पवित्र होऊन जातं. सोसलं त्याचं चीज झालं. गोष्ट खऱ्या माणसाची आहे, त्यामुळे शेवट खोटा नाही. पण मला खुर्चीत खिळवून ठेवलं ते गौरीभैय्याने. त्याचे सगळे प्रयत्न संपलेत, तो चहाची टपरी चालवतो, इतरांना पुन्हा सुरुवात करायला शिकवतो आणि मनोजला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून गिरणी सोडायला लावून त्याचा भार स्वतःवर घेतो. म्हणजे या सिनेमात फी भरणारा माणूस नापास झालेला आहे. त्याच्या स्वतःच्या घरी काय चाललं असेल? त्याच्या वाया गेलेल्या वर्षांचा खर्च कोणी सोसला? कॅमेरा तिथे थांबत नाही. आपल्याकडे संघर्ष हा शब्द यशस्वी माणसालाच बहाल होतो. बाकीच्यांचे ते नुसते हाल.

हालांना हालच म्हणणारं पुस्तक मला मराठीत सापडलं, तेही तसं चुकून. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) वाचली. ‘कोसला’वर इतकं लिहिलं गेलंय, की एका सॉफ्टवेअरवाल्याने त्यात भर घालू नये. परात्मता, अस्तित्ववाद, ग्रामीण-शहरी तुटलेपण हे सगळं तिच्यात आहेच. मला मात्र ती पहिल्यांदा भिडली ती वडिलांच्या पैशांची कादंबरी म्हणून.

पांडुरंग सांगवीकर गरीब नाही. खानदेशातल्या खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्यात हॉस्टेलवर राहून शिकतोय. तरी पैसा त्याच्या मानेवर बसलेला आहे, कारण तो वडिलांचा आहे. तो खर्च करतो, मित्रांवर उधळतो, हॉस्टेलच्या मेसचा कारभार अंगावर घेतो आणि त्यात अडकतो. प्रत्येक खर्चाचं टोक शेवटी सांगवीच्या घरात जातं. वडिलांशी त्याचं भांडण तत्त्वांचं आहेच, पण ते मिटत नाही त्याचं एक कारण आर्थिक आहे: ज्याच्याविरुद्ध बंड करायचं त्याच्याच मनीऑर्डरवर जगायचं. शिक्षण अर्धवट टाकून पांडुरंग गावी परततो तेव्हा त्याला माफीही मिळत नाही आणि मोक्षही मिळत नाही. नेमाड्यांनी खर्ची पडलेल्या वर्षांवर यशाचा शिक्का मारला नाही. हिशेब लिहिला आणि तो जुळत नाही हे तसंच ठेवलं. रस्तोगीवर हसणाऱ्या मला त्या पुस्तकात पहिल्यांदा हायसं वाटलं, कारण तिथे मला कोणी धीर देत नव्हतं.

पण ‘कोसला’तला विद्यार्थी मराठीतला एकमेव विद्यार्थी नव्हे. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) वडील पैसे देणारे नसून शाळेतून मुलाला शेतात ओढणारे आहेत. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) शिक्षणाची वाट बोर्डिंगातून जाते. इथे ‘फी कोणी भरली’ या प्रश्नाचं उत्तर घराबाहेर सापडतं, आणि त्यामागे महाराष्ट्राचा मोठा इतिहास आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ ही शिकण्याची रीतच झाली. त्या बोर्डिंगांतलं जेवण बेताचं होतं, अपमान होते, जात होती. पण शिकून बाहेर पडणाऱ्या मुलावर जे ऋण होतं ते समाजाचं होतं, आणि ते फेडायचं कसं हे त्याचं त्याला ठरवता येत होतं. कोणी शाळा काढली, कोणी चळवळीत गेलं, कोणी आत्मचरित्र लिहिलं.

माझं ऋण बँकेचं आहे. ते कसं फेडायचं हे मी ठरवत नाही.

शैक्षणिक कर्जाच्या योजनेत तेव्हा ४ लाखांपर्यंत तारण लागत नव्हतं, म्हणून आम्ही बरोबर ४ लाख घेतले. दर वर्षी १ लाख, व्याज ११ टक्के. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, हे ऐकून अण्णांना हलकं वाटलं होतं. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन: सरळव्याजाने १ लाख ५४ हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज साडेपाच लाखांच्या वर. सात वर्षांत फेडायचं तर महिना साधारण ९,५०० रुपये. माझा पहिला पगार हातात २५,००० यायचा. कमी उत्पन्नाच्या घरांना या काळातल्या व्याजाची सवलत असते. आमचं उत्पन्न कागदावर त्या मर्यादेच्या किंचित वर होतं. कागदावर, कारण कारखाना तीन-तीन महिने पगार थकवायचा आणि थकलेला पगारही उत्पन्नातच धरला जातो.

हे गणित मी दुसऱ्या वर्षाला एका रात्री वहीच्या मागच्या पानावर केलं आणि त्यानंतर काही महिने मला नीट झोप लागली नाही. विषय राहण्याची भीती पूर्वीही होती. आता राहिलेल्या प्रत्येक विषयाला किंमत चिकटली. नावडती शाखा बदलणं, एखादं वर्ष थांबणं, पांडुरंगासारखं गावी परतणं, यातलं काहीच शक्य राहिलं नाही, कारण भरकटायलासुद्धा कोणीतरी पैसे पुरवावे लागतात. वडिलांवर चिडता येतं, समाजावर आत्मचरित्र लिहिता येतं. हप्त्याशी भांडता येत नाही. या अनुभवाची मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. हिंदी सिनेमात याला मंत्र आहे किंवा निकाल आहे. मधली वर्षं, जिथे माणूस पोट बिघडलंय म्हणून सांगतो, ती अजून कोणी लिहायची आहेत.

ती लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून माझ्याकडचा एक प्रसंग देतो. त्या रात्रीनंतर चार-पाच दिवस मी एकवेळच जेवत होतो. शेवटी मेसच्या काकूंनीच दारात अडवलं. “पैसं आलं नसत्याल तर सांगायचं. जेवान का सोडतोस?” म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी गल्ल्याजवळची लांबडी वही उघडली आणि माझं नाव लिहायला पान काढलं. त्या पानावर वर नऊ-दहा नावं होती. त्यातली सहा तरी त्या रात्री टीव्ही रूममध्ये होती, आणि सगळी माझ्याइतकीच मोठ्याने हसली होती.

काकूंनी धीराचं काही सांगितलं नाही. “महिनाभर मागंपुढं चालतंय,” एवढंच म्हणून ताट वाढलं. तिथून परत जाताना मी त्या यादीतल्या एकाला गाठलं, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं आपापल्या घरच्या पगारांबद्दल बोललो. कर्ज कमी झालं नाही. पण त्या रात्री झोप लागली.

हप्ता अजून चालू आहे. परवा ऑफिसात नवीन लागलेली मुलं जेवताना ‘थ्री इडियट्स’चे तेच संवाद म्हणत हसत होती. त्यांच्यातला एक जरा जास्तच मोठ्याने हसत होता. मी त्याला नंतर चहाला बोलावलं.