‘पूल’ म्हणून मोजलेला माणूस

आज एका शब्दापासून सुरुवात करू. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ट्रकचालक आणि स्थलांतरित कामगार यांना ‘ब्रिज पॉप्युलेशन’ म्हणतात. म्हणजे पूल, शहरातला संसर्ग गावापर्यंत नेणारा. साथ समजून घ्यायला हा शब्द उपयोगी पडला, ते आम्ही नाकारत नाही. पण त्याच शब्दाने समुपदेशनाचा सूरही ठरला, आणि आमचा आक्षेप तिथे आहे. ज्याला पूल मानलं, त्याच्याशी बोलणं होतं ते पलीकडच्यांना वाचवण्यासाठी.

तळेगाव दाभाड्याचंच बघा. नवलाख उंबरे, आंबी, वराळे, इंदोरी या भागात कारखान्यांभोवती भाड्याच्या खोल्या आहेत. एकेका खोलीत पाच-सहा जण. बिहारचे, ओडिशाचे, आणि हो, बीड-लातूरकडचेही. समजा, यातल्या एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याला सांगतात, गोळी रोज रात्री जेवणानंतर घ्या. पण त्याची शिफ्ट फिरती. या आठवड्यात जेवण खोलीवर, पुढच्या आठवड्यात कँटीनमध्ये सगळ्यांसमोर. डबी ठेवायची कुठे? सोबत्याने “कसली गोळी रे?” विचारलं तर काय सांगायचं? खरं समुपदेशन इथून सुरू व्हायला हवं.

त्याऐवजी होतं काय, तर मराठी पत्रक हिंदीत छापलं की ‘त्यांच्या संस्कृतीनुसार’ काम झालं असं आपण मानतो. भोजपुरी किंवा ओडिया बोलणाऱ्याला ती सरकारी हिंदी किती जवळची वाटणार? बीडच्या माणसाबाबत तर प्रश्नच पडत नाही, तो मराठीच ना! पण त्याची अडचण उलटी आहे. केंद्राच्या रांगेत गाववाला भेटण्याची धास्ती त्यालाच जास्त.

मग छठ येते. दानापूर एक्सप्रेसने माणूस महिनाभर गावी जातो आणि गोळ्या वाटेतच संपतात. सरकारी केंद्रांत ही औषधं 2004 पासून मोफत मिळू लागली, दुसऱ्या राज्यातही मिळतात. म्हणून निघण्याआधी कुणीतरी विचारायला हवं: किती दिवस जाणार? जास्तीच्या गोळ्या, बदलीचा कागद घेतला का? गावाजवळचं केंद्र चालेल, की ओळख निघेल म्हणून शेजारच्या जिल्ह्यातलं बरं? हे काम एका बैठकीत संपत नाही. त्यासाठी शेवटपर्यंत पाठपुरावा करणारा एक माणूस लागतो, आणि त्याचा फोन रात्रपाळीनंतरही लागला पाहिजे.

आणि गंमत अशी, की नियमित औषधाने रक्तातला विषाणू चाचणीत दिसणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. म्हणजे या माणसाची नीट काळजी घेतली की तो ‘पूल’ उरतच नाही. पत्रकं मात्र निरोधवर भर देतात आणि हे सांगायला बिचकतात.

आता कायदा. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, माहिती उघड करायची नाही, नोकरीत भेदभाव नाही. शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा. पण ठेकेदाराच्या माणसाला तो अधिकारी कोण, हे कोण सांगणार? त्याला कारण देऊन काढत नाहीत. “उद्यापासून येऊ नको,” एवढंच सांगतात. मग भेदभाव सिद्ध करायचा कशाच्या आधारावर? समुपदेशकांच्या प्रशिक्षणात या प्रश्नाला जागा हवी, अशी आमची मागणी आहे.

इथे थांबू. सभागृहात काही समुपदेशक आहेत, पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ.