रोड हिल हाउस: धागेदोरे, संशय आणि एक मूल

मागच्या व्याख्यानानंतर खाली चहा पिताना एका श्रोत्यांनी मला गाठलं आणि म्हणाले, "सर, खऱ्या गुन्ह्यांच्या हकिगती वाचताना मजा येते, आणि मजा येते याची लाजही वाटते. याचं काय करायचं?" त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो. आज त्यांचा प्रश्न घेऊनच एका पुस्तकाकडे बघू या. केट समरस्केल या इंग्रज लेखिकेचं 'द सस्पिशन्स ऑफ मिस्टर व्हिचर', २००८ साली आलेलं. त्याच वर्षी त्याला ललितेतर लेखनासाठीचा सॅम्युअल जॉन्सन पुरस्कार मिळाला.

आधी घटना. इंग्लंडमध्ये विल्टशर आणि सॉमरसेट परगण्यांच्या हद्दीवर रोड नावाचं खेडं आहे. तिथे रोड हिल हाउस हा केंट कुटुंबाचा प्रशस्त बंगला. २९ जून १८६०च्या रात्री त्या घरात बाराजण झोपले होते. सकाळी एक कमी. सॅव्हिल नावाचा मुलगा, अजून चार वर्षांचाही नव्हता, पाळण्यातून नाहीसा झालेला. शोधाशोध झाली आणि बागेतल्या नोकरांच्या संडासाच्या खड्ड्यात त्याचा मृतदेह सापडला, गळा चिरलेला. रात्री दारं आतून बंद केलेली होती. दिवाणखान्याची एक खिडकी तेवढी उघडी. म्हणजे मारणारा बहुधा घरातलाच.

घर कसं होतं तेही ऐका. सॅम्युअल केंट हे सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर. पहिली बायको गेली, आणि मुलांना शिकवायला ठेवलेली गव्हर्नेस दुसरी बायको म्हणून घरात आली. सॅव्हिल दुसरीचा. पहिलीच्या मुलांपैकी कॉन्स्टन्स सोळा वर्षांची आणि विल्यम तिच्याहून वर्षाने लहान. चार वर्षांपूर्वी ही दोघं घरातून पळाली होती. कॉन्स्टन्सने स्वतःचे केस कापले, मुलाचे कपडे घातले आणि कापलेले केस टाकले ते त्याच संडासात.

स्थानिक पोलिसांनी तर कहरच केला. खून उघडकीला आला त्याच दिवशी त्यांना स्वयंपाकघराकडच्या बंबाच्या चुलाणात रक्ताने माखलेला एक बायकी अंतर्वस्त्राचा कपडा मिळाला. तो न्यायला कोणी तरी येईल म्हणून रात्री दोन शिपाई स्वयंपाकघरात दबा धरून बसले, आणि खुद्द केंटसाहेबांनी बाहेरून कडी घातली! सकाळपर्यंत कपडा गायब. मग आपली अब्रू वाचवायला पोलिसांनी ही गोष्टच दडवून ठेवली. लंडनहून आलेल्या अधिकाऱ्यालाही सांगितली नाही. काही महिन्यांनी ती फुटली. (हसता आहात, पण हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही, नाही का?)

तो लंडनचा अधिकारी म्हणजे जोनाथन व्हिचर. माळ्याचा मुलगा. लंडन पोलिसांची गुन्हे शोधणारी शाखा १८४२ साली निघाली, अवघ्या आठ माणसांची, आणि व्हिचर त्या पहिल्या फळीतला. डिकन्सने १८५०मध्ये या मंडळींवर भारावून लिहिलं होतं. पण रोडला तो पोचला तेव्हा खुनाला दोन आठवडे उलटले होते. रक्त पुसलं गेलेलं, कपडे धुऊन झालेले. मग त्याने काय पाहिलं? धुण्याची यादी.

इथे जरा थांबतो, कारण पुस्तकाचा जीव इथे आहे. कॉन्स्टन्सकडे झोपायचे तीन झगे होते. आता दोनच. घरच्यांचं म्हणणं, एक धोबिणीने हरवला. धोबीण म्हणते, माझ्याकडे आलाच नाही. व्हिचरने कपड्यांची मोजदाद करणाऱ्या मोलकरणीला बोलतं केलं. सोमवारी कपडे टोपलीत भरून झाल्यावर कॉन्स्टन्स दाराशी आली होती, आणि तिने मोलकरणीला खालून पेलाभर पाणी आणायला पाठवलं होतं. व्हिचरने जुळवलं ते असं: रक्ताचा झगा तिने आधीच नष्ट केला, मग यादीत लिहून झालेला दुसरा झगा, मोलकरीण पाणी आणायला गेली तेवढ्यात, टोपलीतून परत उचलला. आता कागदावर झगा धोबिणीकडे गेला, प्रत्यक्षात गेलाच नाही, आणि आळ गरीब बाईवर. एक पेला पाणी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. २० जुलैला त्याने कॉन्स्टन्सला अटक केली आणि आठवड्याभरात ती जामिनावर सुटली. झगा काही मिळाला नाही. वर्तमानपत्रं तुटून पडली ती व्हिचरवर. खालच्या थरातून आलेला एक पोलीस, तो सभ्य घरातल्या मुलीच्या रात्रीच्या कपड्यांची चौकशी करतो म्हणजे काय! मुलाच्या खुनापेक्षा घराचा उंबरा ओलांडला गेला याचाच धक्का लोकांना मोठा होता.

समरस्केल हे फार चांगलं दाखवतात, आणि मराठी वाचकाला ते आणखी चटकन कळावं असं मला वाटतं. आपण 'डिटेक्टिव्ह'ला काय म्हणतो? गुप्तहेर. म्हणजे हेरच. शत्रूच्या गोटात शिरणारा आणि चोर पकडणारा, दोघांना आपल्याकडे एकच शब्द. इंग्रजांनी शब्द वेगळा केला, पण मनातली भीती तीच होती: साध्या कपड्यातला हा माणूस आपल्याच घरात हेरगिरी करतोय. दुसरा शब्द बघा. 'क्लू' हा मुळात दोऱ्याचा गुंडा, चक्रव्यूहातून बाहेर काढणारा. आपल्याकडे पोलिसांना 'धागेदोरे सापडतात'. इथे तर धागा अक्षरशः कापडाचा आहे, आणि तोच हरवलेला.

पुढचं थोडक्यात. व्हिचर १८६४मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाला. १८६५च्या एप्रिलमध्ये कॉन्स्टन्सने लंडनला येऊन आपणहून कबुली दिली. फाशी सुनावली, ती जन्मठेपेवर आली. वीस वर्षं तुरुंगात काढून ती ऑस्ट्रेलियाला गेली, नाव बदलून परिचारिका झाली आणि १९४४ साली, वयाच्या शंभरीत वारली. व्हिचर बरोबर ठरला होता, पण त्याला त्याचा उपयोग शून्य.

आता टीका. समरस्केल यांचं श्रेय मोठं आहे. संवाद त्या कल्पनेने रचत नाहीत; माणसं बोलतात ती जबाबांतून, वार्तांतून. पण पुस्तकाची घडण त्यांनी उचलली आहे ती रहस्यकथेची: घराचे नकाशे, बंद दारं, मोजके संशयित. आणि रहस्यकथा एकदा सुरू केली की शेवटी काहीतरी पिशवीतून काढावंच लागतं. कबुली तर १८६५मध्येच होऊन गेलेली, सगळ्यांना ठाऊक. म्हणून त्या विल्यमला पुढे आणतात: तोही सामील होता, आणि त्याचं आयुष्य मोकळं व्हावं म्हणून बहिणीने सगळा दोष एकटीवर घेतला. व्हिचरलाही भावाचा संशय होता, हे खरं. कबुलीत न जुळणाऱ्या गोष्टी आहेत, हेही खरं. पण विल्यम पुढे सागरी जीवांचा नामवंत अभ्यासक झाला, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर त्याचा १८९३चा ग्रंथ आहे, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणावा असं काही या पुस्तकात नाही. मेलेल्या माणसाला जामीन मागता येत नाही. जो तर्क व्हिचरला कोर्टात पुरा पडला नाही, तो लेखिकेला शेवटच्या प्रकरणात पुरतो, हे मला खटकतं. शिवाय एलिझाबेथ गॉफ ही दाई. तिच्याच खोलीतून मूल गेलं, तिलाही अटक झाली, ती सुटली. तिचं पुढे काय झालं याचं कुतूहल कोणाला फारसं नाही. डिकन्सने मात्र केंटसाहेब आणि ती असा तर्क छातीठोकपणे केला होता, आणि तो चुकला!

हा खटला कादंबरीत गेला तेव्हा काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' १८६८ची. तिच्यात आपल्याकडचा हिरा आहे, १७९९च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतला. सार्जंट कफ म्हणजे बराचसा व्हिचर. त्याला गुलाबांचं वेड आहे. तोही धुण्याची वही मागतो, इथेही झगा हरवतो. फक्त झग्यावर रक्त नाही, दाराचा ओला रंग आहे. आणि मेलेल्या मुलाच्या जागी हरवलेला हिरा आहे. रक्ताचा रंग झाला आणि मुलाचा हिरा झाला, तेव्हा कुठे लोकांना ते निवांत वाचता आलं. चहावाल्या त्या श्रोत्यांना मी हे सांगायला हवं होतं.

आपण वेगळे आहोत असं नाही. १९७६-७७च्या पुण्यातला खटला 'जोशी-अभ्यंकर' या बळींच्या नावाने ओळखला जातो, पण इथल्या साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा, तोंडी येईल जक्कल. जोशी कोण होते, अभ्यंकर काय करत होते, हे सांगणारे किती निघतील?

समरस्केल यांना हे जाणवलं आहे, आणि म्हणून तक्रारीसकट मी हे पुस्तक तुम्हाला वाचायला सांगतो. अगदी शेवटच्या पानांत त्या सॅव्हिलच्या शवाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरचा तपशील देतात. मुलाच्या डाव्या हाताच्या बोटावर दोन लहानशा जखमा होत्या. म्हणजे झोपेतच गेला असं सगळे धरून चालले होते, पण तो क्षणभर जागा झाला असावा, आणि त्याने हात वर केला असावा. हे वाचल्यावर लेखिका कबूल करते की खुनाचं कोडं उलगडण्याच्या नादात ती त्या मुलालाच विसरून गेली होती. ही कबुली तिने पहिल्या पानावर ठेवली असती तर पुस्तक कसं झालं असतं, याचा मी बरेच दिवस विचार करतोय. तुम्हीही करून बघा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे, माइक तिकडे द्या.